नेमलेल्या कादंबरीचा शेवट

आमच्या वेळी नागपुरात बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलाला नेमलेली कादंबरी वाचावी लागत नसे. विद्यापीठाच्या छापील अभ्यासक्रमात तिचं नाव असे, वर्गात आम्ही वर्षभर तिच्याविषयी बोलत असू, एप्रिलच्या उन्हात तिच्यावर वीस मार्कांचा प्रश्न येई, आणि या सगळ्या धामधुमीत कादंबरी स्वतः कुठेच नसे. तिच्या जागी गाईड असे. सीताबर्डीच्या दुकानांत ही गाईडं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दोरीवर टांगलेली असत. आत प्रश्न, खाली उत्तर, आणि उत्तरातली वाक्यं अशी बेतलेली की बेताच्या इंग्रजीच्या मुलालाही पाठ व्हावीत. कव्हरवर लेखकाचं नाव नसे. 'एक अनुभवी प्राध्यापक' एवढंच छापलेलं असे.

त्यातल्या एका गाईडचा अनुभवी प्राध्यापक मी होतो. अनुभव दोन वर्षांचा होता आणि प्राध्यापकी तात्पुरती. आणीबाणीच्या आधीची ती वर्षं. मी पंचविशीत होतो, प्रतापनगरात एका नव्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो, सायकलने कॉलेजला जात होतो, आणि आपल्याइतकं इंग्रजी या शहरात कोणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत मी कोणाला बोलून दाखवत नसे, पण ती तोंडावर दिसत असणार, कारण गाईड छापणाऱ्या प्रकाशकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"प्रोफेसर साहेब," तो म्हणाला, "पुढच्या सालापासून ते जाडी कादंबरी लागून राहिली ना, तिचं गाईड कोनाचंच नाही बाजारात. लिहिणारे बहुत आहेत, पण तुमच्यासारखं इंग्लिश कोनाचं नाही. मले माहीत आहे."

"आधी वाचावी लागेल," मी म्हणालो.

"वाचा ना, कोन नाही म्हणते? फक्त पंधरा जूनले मले कॉपी पाहिजे."

कॉलेजच्या मास्तराने गाईड लिहू नये असा नियम होता. कव्हरवर नाव नसण्याचं कारण तेच होतं. मी हो म्हणालो. पैशांसाठी म्हणालो असं सांगितलं तर थोडी इभ्रत राहील, पण खरं तसं नव्हतं. माझं इंग्रजी सगळ्या विदर्भातली पोरं पाठ करणार या कल्पनेनेच मी हुरळून गेलो होतो.

कादंबरी मिळवणं हेच मोठं काम निघालं. ती शंभरएक वर्षांपूर्वीची, तिकडे विलायतेतही कोणी छापत नव्हतं. मुंबईच्या दुकानाला पत्र टाकलं, तर पुस्तक उपलब्ध नाही असं दोन ओळींचं कार्ड आलं. नेमणाऱ्यांनी नेमताना हे पाहिलं नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी ती एकदा अभ्यासक्रमाला होती, म्हणून जुन्या यादीतून नाव उचलून नव्या यादीत टाकलं, एवढाच त्यांचा विचार. तेव्हाच्या प्रती मात्र कॉलेजांच्या ग्रंथालयांतून पडून होत्या. मी आमच्या ग्रंथालयात गेलो. प्रत निघाली, धूळ झटकली, आणि उघडून पाहतो तर शेवटचं प्रकरण नाही.

"शेवट नाही राहत, सर," आमचे ग्रंथपाल म्हणाले. वयस्क माणूस, कशाचंच आश्चर्य न वाटणारा. "शेवट पोट्टे घेऊन जातात."

ही आमच्याकडची जुनी रीत होती. परीक्षेत शेवटावर प्रश्न हमखास यायचा. शेवट तुम्हाला पटतो का, चर्चा करा. दोनशे मुलांत तीन-चार प्रती असायच्या. मग कोणीतरी कंपासपेटीत अर्धं ब्लेड घेऊन जायचा आणि शेवटचं प्रकरण शिवणीपासून सफाईने कापून आणायचा. ते होस्टेलात या खोलीतून त्या खोलीत फिरायचं, त्यावर चहाचे डाग पडायचे, आणि परीक्षा झाली की ते कुठे जायचं कोणाला माहीत नाही. परत चिकटवायला कोणी आणलं नाही. मी आणखी दोन कॉलेजांत जाऊन पाहिलं. तिथे तर चाळीस-चाळीस पानं गेलेली होती. आमच्या प्रतीत फक्त चौदा पानं नव्हती, म्हणजे नागपुरातली ती सगळ्यात धडधाकट प्रत होती.

मे महिनाभर खोलीच्या दाराला वाळ्याचा पडदा लावून, त्यावर पाणी मारत मारत मी ती सहाशे पानं वाचली. इमानदारीने वाचली, हे मी स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. समुद्राकाठच्या एका गावातल्या पाद्र्याची मुलगी. बाप हळूहळू आंधळा होतो आणि ही गोष्ट गावापासून लपवायची म्हणून मुलगी त्याची रविवारची प्रवचनं लिहून देते, त्याच्याकडून घोकून घेते. पुढे पुढे प्रवचनं तिचीच होतात. बाप मेल्यावर गावातला एक जमीनदार तिला मागणी घालतो. ती नाही म्हणते. भाऊ घराबाहेर काढतो. ती भर पावसात दारात उभी आहे, शाल चिंब भिजली आहे, तिला खोकल्याची उबळ येते, आणि तिथे आमची प्रत संपत होती. वाक्यसुद्धा पुरं नव्हतं.

चार दिवस मी त्या अर्ध्या वाक्यापुढे बसलो. प्रकाशकाचा माणूस दोनदा येऊन गेला. मग मी ठरवलं की ती मेली. इंग्रजी कादंबरीतली पोरगी भिजली आणि खोकली की दोन प्रकरणांत जाते, इतकं वाचन माझं होतं. मी एक मोठं उत्तर लिहिलं: नायिकेचा मृत्यू अटळ होता. त्याची पाच कारणं दिली. समाज, नियती, स्वभाव, भावाचा विश्वासघात आणि लेखकाची दुःखाची दृष्टी. इंग्रजी मस्त जमलं होतं. तिच्या मरणाचा प्रसंग मी मोघम ठेवला, 'त्या अंतिम, शांत पानांत' असं काहीतरी लिहून वेळ मारून नेली. कारणं मात्र अशी ठासून मांडली की माझं मलाच पटलं.

गाईड हातोहात खपलं. पहिल्या वर्षी शहरातल्या यच्चयावत मुलांनी त्या मुलीला पाच कारणांनी मारलं आणि परीक्षकांनी एकेका कारणाला चार-चार मार्क दिले. परीक्षकांच्या टेबलावरही तेच गाईड होतं. उघड गुपित होतं ते. दोनशे उत्तरपत्रिका पंधरा दिवसांत तपासायच्या असतील तर सहाशे पानं कोण वाचणार, आणि वाचायची म्हटली तरी कुठून आणणार?

एके दिवशी स्टाफरूममध्ये आमचे विभागप्रमुख या कादंबरीविषयी बोलायला लागले. ते मोठे माणूस. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे अध्यक्ष, आवाज घोगरा आणि मधाळ, वर्गात बोलायला लागले की मुलं लिहायचं विसरत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "त्या मुलीचा मृत्यू वाचताना अजूनही गलबलून येतं हो." मला एकदम निवांत वाटलं. यांनी वाचलंय म्हणजे ती खरंच मेली, माझा अंदाज बरोबर निघाला, असं मी धरून चाललो. त्या दिवसापासून मला शंका उरली नाही. आता वाटतं, त्यांनी ती कधीकाळी तरुणपणी वाचली असेल आणि विसरले असतील. किंवा नसेल वाचली. तेही आमच्यातलेच होते.

दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, बी.ए. फायनलची एक मुलगी वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात माझी वाट पाहत थांबली. उत्तरेच्या इंदोरा वस्तीतून यायची ती, पायी. मागच्या बाकावर बसायची, वर्गात तोंड उघडायची नाही, म्हणून तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक तिने छातीशी धरलं होतं.

"सर, एक विचारू का? गाईडात लिहिलं आहे का ते मरते. पण ते तर मरत नाही."

"कोण?"

"ते पाद्र्याची पोरगी. ते मरत नाही, सर. मी पुरं वाचलं."

पुस्तक तिला कसं मिळालं ते तिने सांगितलं. तिचे मामा कामठीच्या छावणीतून साहेब लोकांच्या बंगल्यांतली रद्दी आणायचे आणि घरच्या बाया त्याच्या पिशव्या करायच्या. तिची आईसुद्धा करायची. एक म्हातारं गोरं जोडपं विलायतेला निघून गेलं, त्यांच्या पेटाऱ्यात ही प्रत आली. पिशव्यांसाठी कव्हर फाडायला घेतलं तेवढ्यात हिने नाव वाचलं आणि आईच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. मग दिवाळीपासून शब्दकोश घेऊन वाचत बसली. तीन महिने लागले.

मी पुस्तक मागून घेतलं आणि रिकाम्या स्टाफरूममध्ये बसून शेवटची चौदा पानं वाचली. ती खोकते, शाल घट्ट लपेटते आणि चालू लागते. रस्त्यात एक गाडीवान तिला शेजारच्या गावी नेऊन सोडतो. तिथे ती भाड्याची खोली घेऊन पोरींना शिकवायला लागते. जगते. चांगली म्हातारी होते. शेवटच्या पानावर तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींची मुलं तिच्याकडे शिकायला येतात, आणि कादंबरी अगदी साध्या वाक्यावर थांबते. फार सुरेख होतं ते प्रकरण. माझ्या पाचही कारणांचा त्यात मागमूस नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

ती बाहेर उभीच होती. "पेपरात काय लिहू, सर?" तिने विचारलं.

या प्रश्नात तिचं काय काय अडकलं होतं ते मला माहीत होतं, कारण सगळ्या वर्गाला माहीत होतं. तिचे वडील गिरणीत होते. छप्पन साली त्यांनी याच गावात, लाखोंच्या गर्दीत उभं राहून धम्मदीक्षा घेतली तेव्हा ही त्यांच्या खांद्यावर होती. वस्तीतल्या लोकांनी मिळून मुलींची एक शाळा काढली होती. इंग्रजीला मास्तरीण मिळत नव्हती आणि त्यांना आपल्यातलीच हवी होती. ती बी.ए. झाली की जुलैपासून जागा तिची, असं शाळेच्या कमिटीने वडिलांना सांगून ठेवलं होतं. जुलैच्या पुढे जागा राहणार नव्हती. ती चौदा पानं तिला एवढी का लागली असतील, हे तिथे उभं असताना माझ्या डोक्यात आलं नाही. मी माझ्याच विचारात होतो.

"पुस्तकात आहे तेच लिहायचं," मी म्हणालो. "गाईड काय म्हणतं ते सोड."

हे बोलायला फार सोपं होतं. बोलताना मला बरंही वाटलं, आपण खरे शिक्षक आहोत असं. परीक्षक गाईड समोर ठेवून तपासतात हे मला माहीत होतं. म्हणजे तिला खरं लिहायला सांगायचं असेल, तर आधी मी विद्यापीठात जाऊन, गाईड चुकलंय, लेखक मी आहे, परीक्षकांना कळवा, असं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी प्रकाशकाकडे गेलो. तो हसला.

"पोट्टे पास होऊन राहिले ना, साहेब? मंग तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले? एक-दोन सालात हे कादंबरी निघून जाते कोर्समधून."

मी परत आलो आणि गप्प बसलो.

एप्रिलमध्ये पेपर आला. मी आमच्या हॉलवर देखरेखीला होतो. प्रश्न असा होता: नायिकेचा मृत्यू अटळ होता असं तुम्हाला वाटतं का? सविस्तर चर्चा करा. वीस मार्क. मी मान वर केली तर ती माझ्याकडेच पाहत होती. मी नजर काढून घेतली आणि दुसऱ्या रांगेला पुरवणी द्यायला निघून गेलो. तिने खाली मान घातली आणि लिहायला लागली. बाकीची पोरं खाडखाड पाच कारणं उतरवत होती. ती थांबून थांबून लिहीत होती, कारण तिचं पाठ केलेलं नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजी साहित्याच्या त्या एका पेपरात सहा मार्कांनी नापास. त्या काळी एक पेपर गेला की सगळी परीक्षा गेली.

रविवारी सकाळी ती वडिलांना घेऊन माझ्या खोलीवर आली. प्रतापनगर तेव्हा गावाबाहेर होतं, मधे मधे शेतं, रस्ते कच्चे. इंदोऱ्याहून एवढं लांब ते कसे आले होते कोण जाणे. वडिलांनी पांढरा धुतलेला सदरा घातला होता. मी बसा म्हणेपर्यंत ते दारातच उभे राहिले, आणि बसले तेही खुर्चीच्या कडेवर.

"साहेब," ते म्हणाले, "मले अंग्रेजी नाही समजत. एक गोष्ट सांगा. पोरीनं खोटं लिहिलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग नापास काहून केलं?"

मी म्हणालो की परीक्षकांची चूक झाली, फेरतपासणीचा अर्ज करू, मी स्वतः वरपर्यंत जाईन. पुरावा म्हणून पुस्तक माझ्याकडे ठेवा. अर्जाची मुदत पंधरा दिवसांची होती. वडिलांनी पुस्तक दोन्ही हातांनी मला दिलं. मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलं तर ऐकतीन ते." तिला खरंच तसं वाटत होतं.

मी गेलो, हेही सांगितलं पाहिजे. चौथ्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून मी विभागप्रमुखांच्या धंतोलीतल्या घरी गेलो. शेजारच्या दवाखान्यातल्या पेशंटांचे खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक फाटकापर्यंत बसलेले, त्यांच्यातून सायकल हाताने ढकलत आत जावं लागलं. सरांनी फार आपुलकीने बसवलं. त्यांच्या पत्नीने आंब्याचं पन्हं दिलं. मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, "बरं झालं आलास. तुझ्या कायम होण्याचा कागद पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये ठेवतोय. माझा शेरा चांगला आहे, काळजी करू नकोस."

मी पन्ह्याचा ग्लास हातात धरून बसलो. पिशवी पायाशी होती. पुस्तक बाहेर काढलं असतं तर काय काय बोलावं लागलं असतं, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. सर, ती मरत नाही. सर, तुम्हाला गलबलून आलं ते पान पुस्तकात नाही. सर, पेपर चुकीचा निघाला. आणि सर, ते गाईड मी लिहिलं. यातलं एक वाक्य बोललो असतो तर बाकीची आपोआप ओढली गेली असती. मी एकही बोललो नाही. यंदाचा पावसाळा कसा राहील यावर आम्ही पाऊण तास बोललो. निघताना सरांनी पाठीवर हात ठेवला. त्या हाताचा मला आनंद झाला, हे सांगायला आजही जीभ जड होते.

राहिलेल्या दिवसांत मी रोज सकाळी ठरवायचो की आज परत जायचं. मुदत संपली. कागद मंजूर झाला, मी कायम झालो. ती कॉलेजात भेटली तेव्हा मी सांगितलं, "मी खूप प्रयत्न केला गं. त्यांनी ऐकलं नाही."

तिने मान हलवली. "चालते, सर. तुम्ही गेले तरी."

एका गोष्टीचा विचार मी बरीच वर्षं टाळला. माझ्या जातीच्या, माझ्या ओळखीच्या एखाद्या वकिलाची, डॉक्टरची मुलगी असती आणि तिचा बाप माझ्या दारात येऊन उभा राहिला असता, तर मी धंतोलीत पुस्तक बाहेर काढलं असतं का? बहुतेक काढलं असतं. त्या बापाने मला सोडलंच नसतं, तो सरांकडे, कुलगुरूंकडे, वर्तमानपत्राकडे गेला असता. या माणसाने मला दोन्ही हातांनी पुस्तक दिलं, निमूट निघून गेला आणि पुन्हा आला नाही. तो येणार नाही हे मला कुठेतरी पक्कं माहीत होतं, आणि त्याच भरवशावर मी निभावून नेलं. मी स्वतःला वाईट माणूस म्हणत नसे. जातपात मानत नाही असं चारचौघांत सांगत असे. त्यांच्या घरचं पाणी प्यायलो असतो. पण त्यांच्यासाठी माझी नोकरी पणाला लावायची वेळ आली तेव्हा मी पन्हं पीत बसलो.

जुलैत शाळेची जागा भरली. भंडाऱ्याकडची कोणी बाई आली. कमिटीने वाट पाहिली म्हणे महिनाभर, पण मुलींचा वर्ग रिकामा किती दिवस ठेवणार?

ती ऑक्टोबरच्या परीक्षेला बसली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. डिसेंबरात, दुपारच्या सुट्टीत, ती स्टाफरूमच्या दाराशी आली. हातात कागदाच्या पुड्यात पेढे होते. मी बाहेर व्हरांड्यात आलो.

"पास झाली, सर. त्या पेपरात बासष्ट भेटले."

"अरे वा," मी म्हणालो. "छान झालं."

"प्रश्न तोच होता, जरासा फिरवलेला. या वेळी मी मारलं तिले." ती हसली, पण ओठांनीच. "गाईडातले पाचही कारणं लिहिले. एक शब्द नाही चुकवला."

मी आत जाऊन कपाटातून तिचं पुस्तक आणलं. वर्तमानपत्राचं कव्हर तसंच होतं. मी ते तिच्यापुढे धरलं.

"राहू द्या तुमच्यापाशी," ती म्हणाली. "मी एम.ए.ले नाव टाकून राहिली. सगळे गाईडं घेऊन ठेवले आहेत, गांधीबागेत एक जण जुने देते. पुस्तक वाचलं का मंग तेच डोक्यात राहते, सर, अन् हात चुकते. आता नाही वाचत मी."

मग तिने पुडा उघडला.

"तुम्हालेच पहिले आणून राहिली, घरीबी नाही दिला अजून. बाबा म्हणे, पहिले त्या सरले दे. बाकी कोनी नाही, ते एकटेच खरं बोलले."

मी पेढा घेतला. ती समोर उभी राहून पाहत होती, म्हणून तिथेच खाल्ला.